डोळ्यांतील परोपजीवी जंतु आणि रक्ताची तपासणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मंडळाचे एक जुने सभासद हातांत प्रयोगशाळेचा कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्यापुढें धुकें आल्यासारखें होऊं लागलें होतें आणि मधूनमधून काळे ठिपके तरंगतांना दिसत होते. तालुक्याच्या गांवीं रक्त तपासून घेतलें, तेव्हां कागदावर दोन ओळी आल्या: टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह, टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम निगेटिव्ह. एका शेजाऱ्यानें सांगितलें, "बापू, पॉझिटिव्ह म्हणजे मांजराचा रोग. मांजर घालवा, म्हणजे झालें." दुसऱ्यानें सांगितलें, "दुसरी ओळ निगेटिव्ह आहे. म्हणजे रोग जुना होऊन संपलेला आहे. औषधाचें कारण नाहीं." पहिल्याचें ऐकून मांजर घालविलें, दुसऱ्याचें ऐकून नेत्रवैद्याकडे जाणें लांबणीवर टाकिलें. ह्यांत तीन आठवडे गेले, आणि धुकें दाट होत गेलें.

आम्हीं त्यांस प्रथम शहरांतील नेत्ररुग्णालयाची वाट दाखविली. परंतु त्या दोन ओळींचा अर्थ लाविण्यांत दोन शहाण्या माणसांनीं जी चूक केली, ती कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. मांजर, कुत्रीं, शेळ्या, ओली माती आणि उघड्या विहिरीचें पाणी ह्यांच्याशीं ज्यांचा रोजचा संबंध, त्या शेतकरी वर्गास तर हा विषय माहीत असणें अगत्याचें आहे. म्हणून डोळ्यांत शिरणाऱ्या परोपजीवी जंतूंच्या बाबतींत रक्ताची तपासणी काय सांगूं शकते आणि काय सांगूं शकत नाहीं, ह्याची माहिती आम्ही येथें देत आहों.

रक्ताची साक्ष म्हणजे काय?

गळूं फुटलें तर त्यांतील पू तपासतां येतो. हगवणीच्या रोग्याचा मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतो. डोळ्याचें तसें नाहीं. रोग बहुधा डोळ्याच्या मागील बाजूस, दृष्टिपटलावर असतो, आणि त्या नाजूक पडद्याचा तुकडा तपासणीकरितां कापून घेणें म्हणजे मूळ कुजलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उभें झाड उपटण्यासारखें होय. म्हणून वैद्य दोन मार्गांनीं जातो. औषधाच्या थेंबांनीं बाहुली मोठी करून तो भिंगांतून दृष्टिपटल स्वतः पाहतो. आणि दुसरीकडे रक्ताची साक्ष काढतो.

शरीरांत परका जंतु शिरला कीं, त्याच्याशीं झगडण्याकरितां रक्तांत विशिष्ट द्रव्यें तयार होतात. त्यांस प्रतिद्रव्यें म्हणतात. कुलुपास जशी त्याची किल्ली, तसें एका जंतूचें प्रतिद्रव्य बहुधा त्याच जंतूस लागू पडतें. रक्त गोठल्यावर वर जें पिवळसर पाणी सुटतें, ज्यास डॉक्टर लोक सीरम म्हणतात, त्यांत हीं द्रव्यें असतात. प्रयोगशाळेंत मोजतात तीं हीं द्रव्यें, जंतु नव्हेत. मध्य व पश्चिम आफ्रिकेंतील लोआ नांवाच्या कृमीसारखे अपवाद आहेत. तो कृमि कधीं कधीं डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरपटतांना दिसतो, आणि त्याचीं पिलें दिवसा रक्तांत फिरतात. म्हणून सकाळीं १० ते दुपारीं २ ह्या वेळांत रक्त घेऊन तीं प्रत्यक्ष पाहतां येतात. परंतु आपल्याकडे डोळ्यांत आढळणाऱ्या ज्या तीन परोपजीवी रोगांविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्यांत रक्त तपासून जंतु दिसत नाहीं, त्याची नोंद तेवढी दिसते.

जमीनधारकांस ही गोष्ट सातबाराच्या उताऱ्यावरून सहज कळेल. उताऱ्यावर गतसालीं अमक्या गटांत कपाशी होती अशी नोंद असते. म्हणून आज त्या शेतांत कपाशी उभी आहे असें कोणी म्हणत नाहीं. तें पाहण्यास बांधावर जावें लागतें. प्रतिद्रव्यांची तपासणी म्हणजे उतारा, आणि नेत्रवैद्यानें डोळ्यांत पाहणें म्हणजे बांधावर जाणें. उतारा उपयोगी असतो, कित्येकदां निर्णायकही ठरतो. पण तो कसा वाचावयाचा हें जंतूजंतूगणिक बदलतें.

टॉक्सोप्लाझ्मा

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा जंतु टॉक्सोप्लाझ्मा हा होय. इ. स. १९०८ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील ट्यूनिस येथें निकोल व मांसो ह्यांस गुंडी नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांत, आणि त्याच वर्षीं ब्राझीलमध्यें स्प्लेंडोर ह्यांस सशांत तो आढळला. १९२३ मध्यें प्राग येथील नेत्रवैद्य यांकू ह्यांनीं एका दगावलेल्या अर्भकाच्या दृष्टिपटलांत अशा जंतूंचे कोष पाहिले. परंतु प्रौढ माणसांच्या डोळ्यांतही हाच जंतु रोग उत्पन्न करितो हें १९५२ मध्यें सिद्ध झालें. वॉशिंग्टन येथील हेलेनॉर वाइल्डर ह्या विदुषींनीं, क्षयाचे किंवा उपदंशाचे म्हणून शिक्का बसलेले काढून टाकलेले डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं पुन्हां तपासले, आणि त्यांपैकीं अनेकांत त्यांस टॉक्सोप्लाझ्मा सांपडला.

हा जंतु माणसांत येतो कसा, हें कोडें १९७० च्या सुमारास सुटलें. तें सोडविणाऱ्यांत भारतांत जन्मलेले पशुवैद्यक जितेंद्र दुबे हेही होते. मांजराच्या आंतड्यांतच ह्या जंतूची पूर्ण वाढ होते. मांजर प्रथम बाधित झालें म्हणजे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेंतून लक्षावधि सूक्ष्म बीजकोष पडतात. ताज्या विष्ठेंतील बीजकोष बाधक नसतात. एक ते पांच दिवसांनीं ते बाधक होतात, आणि ओलसर मातींत वर्षभरही तग धरतात. तेथून ते भाजीपाल्यावर, पाण्यांत, शेळ्या, मेंढ्या व डुकरें ह्यांच्या चाऱ्यांत जातात. ह्या जनावरांच्या मांसांत जंतूचे बारीक कोष बनतात, व अर्धेंकच्चें मांस खाणाऱ्यास ते बाधतात. गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडण्याचें हा जंतु हेंही एक कारण आहे.

बहुतेक माणसांस बाधा झाल्याचें कळतही नाहीं; थोडा ताप, मानेंत गांठी, इतकेंच. पण जंतु पूर्ण नाहींसा होत नाहीं. तो स्नायूंत, मेंदूंत व दृष्टिपटलांत सुप्त कोषरूपानें आयुष्यभर राहतो. दृष्टिपटलांतील कोष पुढें केव्हां तरी जागा झाला कीं तेथें पांढरट सूज येते, डोळ्यांतील पारदर्शक भाग गढूळ होतो, आणि माणसास धुकें व ठिपके दिसूं लागतात. सूज ओसरल्यावर तेथें कायमचा व्रण राहतो. आणि पुढचा उद्रेक बहुधा त्याच व्रणाच्या कडेस होतो.

शंभर माणसांचा हिशेब

टॉक्सोप्लाझ्माची पहिली भरंवशाची रक्ततपासणी १९४८ मध्यें निघाली. पुढें पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीमुळें जगप्रसिद्ध झालेले आल्बर्ट सेबिन आणि त्यांचे सहकारी हॅरी फेल्डमन ह्यांनीं ती शोधिली. जिवंत जंतु, रोग्याचें सीरम आणि निळा रंग एकत्र करावयाचे. सीरममध्यें प्रतिद्रव्यें नसतील तर जंतु निळा होतो, असतील तर तो रंग घेत नाहीं. हल्लीं जिवंत जंतु वापरण्याची जरुरी सहसा पडत नाहीं. जंतूचा अंश लाविलेल्या बारीक वाट्यांत सीरम घालून रंगाच्या गडदपणावरून मोजमाप करितात.

कागदावरील दोन नांवें हीं दोन जातींच्या प्रतिद्रव्यांचीं आहेत. बाधा झाल्यावर पहिल्या आठवड्याच्या सुमारास आयजीएम येतें, आणि बहुधा कांहीं महिन्यांनीं ओसरतें. आयजीजी एक-दोन आठवड्यांत येतें, महिन्या-दोन महिन्यांत कळसास पोंचतें, आणि मग थोड्याफार प्रमाणांत जन्मभर राहतें.

आतां हिशेब करूं. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी पाहणींत शेंकडा सुमारें २४ लोकांच्या रक्तांत टॉक्सोप्लाझ्माचें आयजीजी आढळलें होतें. समजा, क्षय, मधुमेह किंवा अशाच दुसऱ्या कारणानें ज्यांची दृष्टि अधू झाली आहे, अशा शंभर माणसांचें रक्त आपण तपासलें. त्यांपैकीं एकाच्याही डोळ्यांत टॉक्सोप्लाझ्मा नसतां सुमारें २४ जणांच्या कागदावर "पॉझिटिव्ह" उमटेल. म्हणजे पॉझिटिव्ह आयजीजीचा अर्थ एवढाच कीं, ह्या माणसाची ह्या जंतूशीं कधीं तरी गांठ पडलेली आहे. डोळ्याचें दुखणें त्याचेंच आहे, हें त्यावरून ठरत नाहीं.

उलट, आयजीजी मुळींच नसेल तर ती साक्ष फार वजनदार आहे. बाधा होऊन एक-दोन आठवडेही झाले नसतील किंवा रोग्याची प्रतिकारशक्ति फार खालावलेली असेल, असे अपवाद सोडले तर डोळ्यांतील दुखणें टॉक्सोप्लाझ्माचें नव्हे असें वैद्य बहुधा धरून चालतो व दुसरें कारण शोधतो. मात्र येथें एक बारकावा आहे. डोळ्याच्या रोगांत रक्तांतील आयजीजीचें प्रमाण पुष्कळदां अगदीं थोडें असतें; कारण झगडा आहे तो वाटाण्याएवढ्या जागेंत. म्हणून आंकडा लहान आहे एवढ्यावरून तो सोडून देऊं नये.

आयजीएमचा अर्थ कसा घ्यावा?

आमच्या सभासदांच्या दुसऱ्या शेजाऱ्याची चूक येथें झाली. आयजीएम निगेटिव्ह म्हणजे बाधा नवी नव्हे, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. पण बाधा जुनी म्हणजे रोग संपला, हें खोटें. जुना सुप्त कोष पुन्हां जागा होतो तेव्हां रक्तांत आयजीएम बहुधा येत नाहीं. ज्या रोग्यांचा डोळा आज पेटलेला आहे त्यांपैकीं पुष्कळांचा कागद म्हणून नेमका असाच असतो: आयजीजी आहे, आयजीएम नाहीं.

आयजीएमचा खरा उपयोग नवी सांथ ओळखण्यांत होतो. १९९५ मध्यें कॅनडांतील व्हिक्टोरिया शहरीं असे रोगी एकाएकीं दिसूं लागले. नव्या बाधेचे निश्चित असे १०० लोक सांपडले, त्यांपैकीं १९ जणांचें दृष्टिपटल सुजलेलें होतें. आणि शोध करतां करतां माग शहरास पाणी पुरविणाऱ्या एका जलाशयापर्यंत गेला. आपल्या देशांत २००४ मध्यें कोइमतूर येथें थोडक्या महिन्यांत अशा नेत्ररोग्यांची गर्दी झाली. रक्तांत नव्या बाधेचीं चिन्हें मिळालीं, आणि तेथेंही संशय पाणीपुरवठ्यावर आला. एकट्या माणसाच्या कागदावरून जें कळलें नसतें, तें अनेकांचे कागद शेजारीं ठेवल्यावर कळलें. ह्या बीजकोषांवर क्लोरिनचा परिणाम होत नाहीं. पाणी उकळल्यानें मात्र ते मरतात.

शेतकरी वस्तींत हा रोग किती पसरूं शकतो ह्याचें उदाहरण दक्षिण ब्राझीलमधील एरेशीं ह्या भागाचें आहे. तेथील पाहणींत १०४२ लोकांचे डोळे तपासले, तेव्हां शेंकडा १७.७ जणांच्या डोळ्यांत टॉक्सोप्लाझ्माच्या खुणा दिसल्या; ही माहिती १९९२ मध्यें प्रसिद्ध झाली. सर्व ठिकाणीं असें होत नाहीं. परंतु ज्या घरीं जनावरें, माती व स्वयंपाक ह्यांची सरमिसळ होते, तेथें डोळ्याचें दुखणें हलकें समजूं नये, हें त्यावरून दिसतें.

आयजीएमच्या बाबतींत उलट चूकही होते. कित्येकांच्या रक्तांत तें वर्षभर किंवा अधिक काळ रेंगाळतें, आणि कधीं कधीं तपासणीच खोटें उत्तर देते. गरोदर स्त्रीच्या बाबतींत ही चूक महाग पडते. कारण गरोदरपणांत प्रथमच बाधा झाली तर ती गर्भास पोंचूं शकते. अशा वेळीं एका कागदावर भिस्त न ठेवतां आयजीजीची पकड मोजणारी दुसरी तपासणी करवितात. नवें आयजीजी जंतूस सैल धरतें, जुनें घट्ट धरतें. पकड घट्ट असेल तर बाधा सुमारें चार महिन्यांपूर्वींची किंवा त्याहून जुनी आहे, असें समजतात.

डोळ्यांत पाहूनही निर्णय होत नसेल, तर नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या पुढील भागांतील पाण्याचा एखादा थेंब बारीक सुईनें काढतात. त्याच दिवशीं घेतलेल्या रक्ताशीं ताडून पाहतां प्रतिद्रव्याचें प्रमाण डोळ्यांत अधिक भरलें, तर तें डोळ्यांतच तयार होत आहे हें सिद्ध होतें. त्याच थेंबांत जंतूचा आनुवंशिक अंशही शोधतां येतो. हा उपाय संशयाच्या जागींच करावयाचा असतो.

कुत्र्याच्या पिलाचा जंत

दुसरा जंतु टॉक्सोकॅरा. हा कुत्र्याच्या पोटांतील गोल जंत होय. कुत्रीच्या शरीरांतील अळ्या पिलें जन्मण्यापूर्वींच त्यांच्यांत शिरतात, म्हणून तीन-चार आठवड्यांच्या पिलाच्या विष्ठेंतूनही ह्या जंताचीं अंडीं पडतात. कांहीं आठवडे मातींत मुरल्यावर अंडीं बाधक होतात. अंगणांत खेळणाऱ्या मुलाच्या हातांतून तीं तोंडांत गेलीं, तर पोटांत अळ्या निघून सर्व शरीरांत भटकतात, आणि एखादी डोळ्यांत अडकते. माणसाच्या पोटांत ह्या जंताची पूर्ण वाढ होत नाहीं. म्हणून मुलाचा मळ तपासून कांहीं मिळत नाहीं.

हा रोग बहुधा लहान मुलाच्या एकाच डोळ्यास होतो, आणि दृष्टिपटलावरील पांढरा गोळा पाहून डोळ्यांतील कर्करोगाचा संशय येतो. ज्यांचा वर उल्लेख केला, त्याच वाइल्डरबाईंनीं १९५० मध्यें काढून टाकलेले असे ४६ डोळे तपासले. त्यांपैकीं २४ मध्यें त्यांस जंताच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष मिळाले. कर्करोग समजून ज्या मुलांचे डोळे काढिले, त्यांच्यांतील कित्येकांस जंताचा उपद्रव होता. योग्य निदानाची किंमत काय असते, हें ह्या एका गोष्टीवरून ध्यानांत येईल.

टॉक्सोकॅराची रक्ततपासणी आज उपलब्ध आहे. पण तिचा अर्थ टॉक्सोप्लाझ्माच्या उलट वाचावा लागतो. येथें निगेटिव्ह कागदावर निर्धास्त राहतां येत नाहीं. डोळ्यांत अळी एकच असते, आणि तिच्यामुळें रक्तांत प्रतिद्रव्यें फार थोडीं, कधीं कधीं मुळींच सांपडत नाहींत, इतकीं कमी असतात. रक्तांतील पेशींची जी नेहमींची मोजणी करितात तींतही फरक दिसेलच असें नाहीं. आणि ज्या भागांत मुलांच्या पोटांत साधे जंत पुष्कळ असतात, तेथें पॉझिटिव्ह उत्तरही दुसऱ्या जंतांमुळें येऊं शकतें. म्हणून येथें डोळ्यांत दिसणारें चित्र व ध्वनिलहरींनीं काढलेलें छायाचित्र ह्यांचें वजन मोठें; रक्त हें पुरवणी साक्षीदार.

पट्टकृमीचा कोष

तिसरा रोग डुकराच्या मांसांतून येणाऱ्या पट्टकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा. ह्याविषयीं एक मोठा गैरसमज आहे. अर्धेंकच्चें डुकराचें मांस खाणाऱ्याच्या आंतड्यांत लांब कृमि वाढतो. परंतु त्या माणसाच्या मळांतील अंडीं ज्याच्या पोटांत जातात, त्याच्या मेंदूंत, स्नायूंत व डोळ्यांत पाण्यानें भरलेले कोष होतात. म्हणून ज्यानें जन्मांत मांस शिवलें नाहीं अशा माणसासही हा रोग होतो. मानवी मळ मिसळलेल्या पाण्यावर काढलेली कच्ची भाजी हें त्याचें वाहन आहे.

डोळ्यांत किंवा डोळा हालविणाऱ्या स्नायूंत कोष एकच असेल, तर रक्ततपासणी पुष्कळदां निगेटिव्ह येते. पण ध्वनिलहरींच्या चित्रांत कोषाची गोल भिंत आणि आंत कृमीच्या डोक्याचा ठळक ठिपका दिसतो. येथें चित्र श्रेष्ठ, रक्त कनिष्ठ. आणखी एक इशारा फार महत्त्वाचा आहे. मेंदूंतील कोषांकरितां जंताचें औषध सुरू करण्यापूर्वीं डोळे अवश्य तपासून घ्यावेत. डोळ्याच्या आंतील कोष औषधानें एकाएकीं मेला तर जी सूज येते, तींत दृष्टि जाऊं शकते. असा कोष शस्त्रक्रियेनें काढणें बरें.

गुरें व घोडे ह्यांचे डोळे

गुरांच्या डोळ्यांत जे बारीक पांढरे किडे दिसतात, ते माश्यांच्या द्वारें पसरतात. ते पापणीखालीं प्रत्यक्ष दिसत असल्यामुळें रक्त तपासण्याचें कारण नाहीं. घोड्याच्या बुबुळामागें वळवळणारा दोऱ्यासारखा किडा हा मुळांत गुरांच्या पोटाच्या पोकळींत राहणारा आहे. डांस त्याची अळी घोड्यांत नेऊन सोडतात, आणि ती वाट चुकून डोळ्यांत येते. तेथें तिची पूर्ण वाढ होत नाहीं व पिलें रक्तांत येत नाहींत. म्हणून तेथेंही रक्त तपासण्यापेक्षां पशुवैद्याकडून किडा काढवून घेणें हाच मार्ग.

सभासदांनीं काय करावें?

पहिली गोष्ट, डोळ्यापुढें धुकें, तरंगते ठिपके, लाली, प्रकाश सहन न होणें ह्यांपैकीं कांहीं दिसतांच प्रथम नेत्रवैद्याकडे जावें. रक्त कोणतें तपासावयाचें हें त्यानें ठरवावें. तो उपदंश किंवा क्षय ह्यांचीही तपासणी सांगेल. त्यांत अपमान मानूं नये, कारण हे रोग दृष्टिपटलावर एकमेकांचीं सोंगें घेतात.

दुसरी गोष्ट, कागदावर नुसतें "पॉझिटिव्ह" न घेतां आंकडा व त्या प्रयोगशाळेची मर्यादाही लिहून घ्यावी, आणि कागद जपून ठेवावा. पुन्हां तपासणी करावयाची तर दोन-तीन आठवड्यांनीं त्याच प्रयोगशाळेंत करावी. दोन ठिकाणचीं मापें सारखीं नसतात. आंकडा स्थिर आहे कीं झपाट्यानें चढत आहे, ह्यावरून नव्या बाधेची कल्पना येते.

तिसरी गोष्ट, डोळा लाल झाला म्हणून दुकानांतून स्टेरॉइडचे थेंब किंवा गोळ्या आपल्या मनानें घेऊं नयेत. सूज उतरल्यासारखी वाटते, पण टॉक्सोप्लाझ्मास मारणारें औषध बरोबर नसेल तर जंतु आंत मोकाट वाढतो. वैद्यानें दिलेल्या औषधांपैकीं पायरिमेथामिन चालू असतां तो वरचेवर रक्तपेशींची मोजणी सांगतो. ती निदानाकरितां नसून औषधाचा रक्तावर वाईट परिणाम होत नाहीं ना हें पाहण्याकरितां असते. ती चुकवूं नये.

चौथी गोष्ट प्रतिबंधाची. मांस पूर्ण शिजवावें. कच्च्या भाज्या चांगल्या पाण्यानें धुवाव्यात, आणि संशय असल्यास पाणी उकळावें. मातींत काम केल्यावर हात धुतल्याखेरीज भाकरीस हात लावूं नये. गाभडलेल्या शेळीचा गर्भ व वार उघड्या हातानें न उचलतां खोल पुरावा. कुत्र्या-मांजरांपुढें टाकूं नये. कुत्र्याच्या पिलास दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्यानें जंताचें औषध द्यावें. मानवी मळ मळ्याच्या पाटापर्यंत पोंचूं देऊं नये.

मांजराविषयीं दोन शब्द. ज्या मांजरास पूर्वीं बाधा होऊन गेली आहे तें पुन्हां बीजकोष सहसा सोडीत नाहीं. म्हणून रोग कळल्यावर घरचें जुनें मांजर हाकलण्यांत अर्थ नाहीं. त्यास कच्चें मांस घालूं नये, त्याची विष्ठा रोजच्या रोज फावड्यानें उचलून पुरावी, आणि हें काम गरोदर स्त्रीकडे देऊं नये.

आरंभीं सांगितलेल्या तरुणाचा डोळा नेत्रतज्ज्ञांनीं पाहिला, तेव्हां जुन्या काळपट व्रणाच्या कडेस ताजी पांढरी सूज होती. तें चित्र आणि रक्तांतील आयजीजी हीं दोन्हीं एकत्र धरून निदान झालें. औषध चालू झाल्यावर सूज दीड महिन्यांत ओसरली. नजर पुष्कळ सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाहीं. वाचतांना अक्षरांच्या मध्यें एक डाग राहिला. तीन आठवडे आधीं गेले असते तर तो डाग लहान राहिला असता कीं काय, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु आमच्या सभासदांचें म्हणणें असें कीं, उतारा हातांत असतांना आपण बांधावर जाण्यास उशीर केला. त्यांचें मांजर पुन्हां घरीं आलें आहे. त्यांच्या मुलास आतां दर सहा महिन्यांनीं डोळा दाखविण्याची ताकीद आहे, आणि ती तो पाळतो.